टीवाय केमिस्ट्री ते क्यूसी लॅब: पहिली नोकरी मी कशी शोधली

चिपळूणहून खेडच्या बाजूला निघालं की वाशिष्ठीचा पूल लागतो, मग परशुराम घाट, आणि घाट चढून गेलं की पीरलोटे, लोटे. तिथे एमआयडीसी आहे आणि तीत बहुतेक रासायनिक कारखाने. औषधांचा कच्चा माल, कीटकनाशकं, रंगांसाठी लागणारी रसायनं असं बरंच काही तिथे बनतं. आमच्या कॉलेजातून तिकडे जायला तासही लागत नाही. तरीही टीवायला असताना आमच्या वर्गातल्या कुणालाही नीट सांगता आलं नसतं, की केमिस्ट्रीची बी.एस्सी. झालेल्या मुलीला त्या कारखान्यांत नेमकं कोणतं काम मिळू शकतं. कॉलेजात कॅम्पस प्लेसमेंट नव्हतं. घरोघरी तीनच पर्याय बोलले जायचे: बी.एड. कर, बँकेच्या परीक्षा दे, नाहीतर मुंबईला काकाकडे जा आणि मिळेल ते बघ.

मला केमिस्ट्रीतच काम हवं होतं. 2024च्या उन्हाळ्यात सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपली आणि मी शोध सुरू केला. हे सगळं सविस्तर लिहिते आहे ते मागून येणाऱ्या मुलामुलींसाठी. मला त्या वेळी हवी असलेली माहिती सुट्या सुट्या तुकड्यांत, वेगवेगळ्या माणसांकडे होती.

सगळ्यात आधी मी नोकरीच्या जाहिराती बघायच्या सोडून कारखान्यात कोण काय करतं ते विचारायला लागले. आमच्या गल्लीतले एक दादा लोट्याला एका कंपनीत होते. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी ते नाक्यावर उभे असायचे. त्यांनी मला तिथल्या खात्यांची ओळख करून दिली. प्रॉडक्शनमध्ये रिअॅक्टरवर काम, तीन शिफ्ट, आणि तिथे बहुतेक मुलगेच घेतात. क्यूसी म्हणजे प्रयोगशाळा: कच्चा माल आला की तपासायचा, प्रक्रिया चालू असताना नमुना तपासायचा, तयार माल तपासायचा. क्यूए म्हणजे कागदपत्रं आणि पद्धती, तिथे एम.एस्सी. किंवा बी.फार्म.ला प्राधान्य. आर अँड डी बी.एस्सी.वर जवळजवळ अशक्य. आणि एक खातं असं, ज्याचं नाव आमच्यापैकी कुणाच्या तोंडी नव्हतं: ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया. तिथेही केमिस्ट लागतो. सीओडी, बीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याची मापं), पीएच, तरंगते घन पदार्थ अशा चाचण्या रोज कराव्या लागतात. सीओडी म्हणजे शेवटी टायट्रेशनच, ब्युरेट या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजणं: डायक्रोमेटसोबत दोन तास उकळवायचं, मग उरलेल्या डायक्रोमेटचं फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन, फेरॉइन इंडिकेटर. आम्ही प्रॅक्टिकलला याच्याहून अवघड गोष्टी केल्या होत्या. ‘पाण्याचं काम’ म्हणून मुलं नाक मुरडतात, म्हणून अर्ज कमी येतात, असं दादा म्हणाले. माझ्या वर्गातल्या एकीला पुढे तिथेच काम मिळालं आणि ती आजही खूश आहे.

ही एवढी माहिती हातात आल्यावर शोधाची दिशाच बदलली. ‘बी.एस्सी. जॉब’ असं मोबाइलवर टाकलं की कॉल सेंटर आणि विमा विक्रीच्या जागा दिसायच्या. ‘ट्रेनी केमिस्ट’, ‘क्यूसी ऑफिसर’, ‘ईटीपी केमिस्ट’ असं टाकल्यावर महाड, लोटे, कुरकुंभ, तारापूर, पाताळगंगा, अंबरनाथ, वापी अशी गावं पुढे यायला लागली. महाराष्ट्रात आणि गुजरातच्या सीमेवर रसायनाचा धंदा कुठे कुठे आहे, त्याचा नकाशाच जणू त्यात होता. मी एक वही केली. डाव्या पानावर कंपनीचं नाव, ती काय बनवते, कुठली एमआयडीसी. उजव्या पानावर कुणाशी बोलले, कधी मेल केला, पुढे काय झालं. फोन आला की ‘हो सर, तुमची कंपनी अमुक इंटरमीडिएट बनवते’ एवढं तरी बोलता यायचं, ते त्या डाव्या पानामुळे.

बायोडेटाबद्दल थोडं सांगते. सायबर कॅफेत मिळतो तो नमुना मी वापरला नाही. त्यात वडिलांचं नाव, उंची, छंद आणि ‘मी एक मेहनती व्यक्ती आहे’ यातच अर्धं पान जातं. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी एक पान पुरे म्हणून सांगितलं आणि एक अट घातली: उपकरणांचे दोन गट कर, हाताळलेली आणि फक्त पाहिलेली. पीएच मीटर, पोटेन्शिओमीटर, कंडक्टोमीटर, कलरीमीटर मी स्वतः हाताळले होते. एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, आमच्या कॉलेजात नव्हतं, ते एका सहलीत काचेच्या पलीकडून पाहिलं होतं. वर्गातले कित्येक जण एचपीएलसी सरळ ‘येतं’ म्हणून लिहीत होते. मी ‘तत्त्व माहीत आहे, प्रत्यक्ष हाताळलेलं नाही’ असं लिहिलं. पुढे इंटरव्ह्यूत त्या एका ओळीचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

एचपीएलसीच्या नावाखाली क्लासवाल्यांचा एक मोठा बाजार चालतो, हेही कळून चुकलं. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’, फी काही हजारांत, आणि शेवटी प्रमाणपत्र. काही क्लास चांगले असतीलही. पण दादांच्या कंपनीत फ्रेशर घेताना ते प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, कंपनी आपल्या यंत्रावर आपल्या पद्धतीने शिकवते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी एनपीटीईएलवरची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ) विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची व्याख्यानं फुकट बघितली. परीक्षा द्यायची तरच तिथे हजार रुपये लागतात. सी18 कॉलम म्हणजे काय, मोबाइल फेज 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळतात, रिटेन्शन टाइम कशाने बदलतो, इतकं समजलं आणि तेवढं पुरलं.

आता अर्ज. एमआयडीसीत गेटवर जाऊन सिक्युरिटीकडे बायोडेटा द्यायची जुनी पद्धत अजून चालते. मी आणि माझी मैत्रीण दोघी एके दिवशी सकाळी गेलो, एकेका गेटवर पाकीट देत फिरलो. कुठे रजिस्टरमध्ये नोंद झाली, कुठे ‘ठेवा’ एवढंच. एका गेटवरच्या वॉचमन काकांनी मात्र थांबवून सांगितलं, “पोरी, इथे ट्रेनी कंपनी घेत नाही, कॉन्ट्रॅक्टर घेतो. त्याचं ऑफिस त्या चहाच्या टपरीमागे आहे.” हे गणित आम्हाला ठाऊकच नव्हतं. कित्येक कारखान्यांत पहिलं वर्ष-दोन वर्षं ठेकेदाराच्या पगारपत्रकावर काढावी लागतात, ‘कंपनी रोल’ नंतर. ते वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. पण पगाराची स्लिप कुणाच्या नावाने येणार, पीएफ कोण भरणार आणि सोडताना अनुभवाचं पत्र कोण देणार, हे तीन प्रश्न आधी विचारायचेच. पुढच्या नोकरीत हाच अनुभव कागदावर दाखवायचा असतो.

ईमेल पाठवताना विषयाच्या ओळीत सगळं मावलं पाहिजे, कारण एचआरवाले मेल मोबाइलवर वरवर बघतात. मी असं लिहायचे: ‘ट्रेनी केमिस्ट (क्यूसी) पदासाठी अर्ज, बी.एस्सी. रसायनशास्त्र 2024, चिपळूण, लगेच रुजू होऊ शकते’. गावाचं नाव मुद्दाम. लोट्यातल्या कंपनीला जवळचं माणूस हवं असतं. बाहेरून आलेली मुलं वर्षभरात वापीला किंवा पुण्याला निघून जातात, ही त्यांची मोठी डोकेदुखी आहे.

त्याच सुमारास बोईसरला एका कंपनीचा वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायचा इंटरव्ह्यू, असल्याचा मेसेज फिरला. विरारला माझे मामा राहतात. आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्काम केला, सकाळी डहाणू लोकल पकडली, बोईसरला उतरून शेअर रिक्षाने तारापूर एमआयडीसी गाठली. नऊच्या आतच गेटबाहेर ही मोठी रांग. नांदेड, जळगाव, लातूर, पार कर्नाटकातून रात्रभर प्रवास करून आलेली मुलं होती. फॉर्म भरून घेतले, वेळ गेला, आणि दुपारी कळलं की त्यांना एक ते तीन वर्षांचा अनुभव असलेलेच हवे आहेत. फ्रेशर्सनी बायोडेटा ठेवून जावं. जाहिरातीत तसं कुठेही नव्हतं. माझ्यामागे उभा असलेला लातूरचा मुलगा काहीही न बोलता पिशवी उचलून निघाला, आणि मला त्या कंपनीचा खरंच राग आला. एक ओळ जास्त छापली असती तर किती जणांचं एसटीचं आणि रेल्वेचं भाडं वाचलं असतं! त्यानंतर कोणत्याही वॉक-इनला जाण्याआधी मी फोन करून विचारायचे: फ्रेशर चालतील का, 2024ची बॅच चालेल का, मुली घेता का. तिसरा प्रश्न विचारायला बरं वाटत नाही, पण विचारावा लागतो.

रांगेत मिळालेली एक गोष्ट मात्र सोन्यासारखी निघाली. तिथल्या एका अनुभवी ताईने सांगितलं, की क्यूसीच्या इंटरव्ह्यूत अवघड काही विचारत नाहीत, एफवायचंच, म्हणजे पहिल्या वर्षाचंच विचारतात आणि तिथेच सगळे गडबडतात. घरी आल्यावर मी तिसऱ्या वर्षाची पुस्तकं बाजूला ठेवली आणि नॉर्मॅलिटी, मोलॅरिटी, इंडिकेटर, प्रायमरी स्टँडर्ड, बफर हे पुन्हा काढलं. मॅडमना विचारून कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन टायट्रेशनही पुन्हा केली. लॅब असिस्टंट काकांनी सुट्टीतही दार उघडून दिलं, त्यांचे उपकार मोठे आहेत.

लोट्याच्या एका कंपनीतून फोन आला तो दादांच्या सांगण्यावरून. त्यांच्या कंपनीत जागा नव्हती, पण शेजारच्या कंपनीतला एक केमिस्ट राजीनामा देऊन नोटीस पिरियडवर आहे, हे त्यांना बसमध्ये कळलं होतं. जाहिरात आलेलीच नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीच्या एचआरला मेल केला आणि खाली लिहिलं, की क्यूसीत जागा निघणार असल्याचं कळलं म्हणून अर्ज करते आहे.

इंटरव्ह्यूला क्यूसीचे मॅनेजर आणि एचआरच्या मॅडम होत्या. मॅनेजरनी बायोडेटावरची एचपीएलसीची ओळ वाचली, मान हलवली आणि तो विषय तिथेच सोडला. मग सुरू झालं.

“0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, एक लिटर. किती घ्याल?”

“चार ग्रॅम, सर.”

“बरोबर चारच?”

“थोडं जास्त घेईन. तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्यामुळे वजनावर विसंबता येत नाही. नंतर केएचपीने, म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने, स्टँडर्डाइज करायचं, नेमकी तीव्रता ठरवायची.”

“केएचपीच का?”

शुद्ध मिळतं, हवेत टिकतं, ओलावा धरत नाही आणि रेणुभार 204च्या वर असल्याने वजनातली चूक उत्तरात फारशी उतरत नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ब्युरेटमध्ये परमँगनेट भरलं तर रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं की खालच्या? वरच्या, कारण द्रावण इतकं गडद असतं की खालची वक्र कड दिसतच नाही. आम्ल पाण्यात की पाणी आम्लात, हेही झालं. आणि मग एक प्रश्न, जो कोणत्याही पुस्तकात नव्हता: “नोंदवहीत 9.82च्या ऐवजी 9.28 लिहिलं गेलं. काय कराल?” हे मला दादांनी सांगून ठेवलं होतं. एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. औषधांच्या कारखान्यात तपासणीला बाहेरून माणसं येतात, तेव्हा आकड्याइतकीच ही रेघही तपासली जाते.

त्यानंतर त्यांनी मला थेट लॅबमध्ये नेलं. केएचपी आधीच ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवलेलं होतं. चार दशांश स्थळांच्या काट्यावर साधारण 0.4 ग्रॅम तोलायला सांगितलं. काट्याची दारं बंद करून आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलं, फेनॉल्फथॅलीनचे दोन थेंब, आणि ब्युरेट सुरू. 0.4 ग्रॅमला साडेएकोणीस मिलिलिटरच्या आसपास लागणार, हे मनात आधीच मांडलेलं होतं, म्हणून अठरापर्यंत मोकळं सोडलं आणि पुढे थेंब थेंब. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला तेव्हा थांबले. मॅनेजर माझ्या उत्तराकडे फारसं बघतही नव्हते, असं वाटलं. ते माझ्या हाताकडे बघत होते: ब्युरेट आधी त्याच द्रावणाने विसळून घेतलं का, नळीतला हवेचा बुडबुडा काढला का, फनेल वरच ठेवून तर दिलं नाही ना. नंतर त्यांच्याच हाताखाली काम करताना त्यांनी हे बोलूनही दाखवलं. यंत्र महिन्याभरात शिकवता येतं, हात बसायला मात्र वर्षं लागतात, असं ते म्हणतात.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर तीन वाटा होत्या, आणि इथे घाई न करता बसून विचार केला. पहिली वाट अप्रेंटिसशिपची. एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी केलेली होती. त्या वेळी पदवीधराला महिना किमान 9,000 रुपये विद्यावेतन, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा, मुदत एक वर्ष, शेवटी सरकारी प्रमाणपत्र. दुसरी, त्याच पावसाळ्यात राज्य सरकारने आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: पदवीधराला दहा हजार, सुरुवातीला मुदत सहा महिने. तिसरी, ही ट्रेनीची जागा. मोठ्या नावाजलेल्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून जागा मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, तिथलं शिक्षण पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं. पण अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नसतो, पीएफ नसतो. मला ट्रेनी म्हणून कंपनीच्याच रोलवर घेत होते, पगाराची स्लिप मिळणार होती. मी ती घेतली.

पगार सांगताना एचआरच्या मॅडम ‘सीटीसी’ (कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च) बोलल्या आणि बाबांना वाटलं तेवढे हातात येणार. ते गणित असं. समजा एकूण मासिक पगार 15,000 आहे आणि त्यात मूळ पगार 12,000. पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्के, म्हणजे 1,440 आपल्याकडून कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. कंपनीने भरलेलेही सीटीसीत धरलेले असतात. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल तर आपले 0.75 टक्के जातात. मुलग्यांचा व्यवसाय कर दरमहा 200, फेब्रुवारीत 300. बाईमाणसाला महाराष्ट्रात 25,000 पगारापर्यंत तो माफ आहे. म्हणजे सीटीसी साडेसोळा-सतरा हजार ऐकलं तरी हातात तेरा-साडेतेराच. त्याऐवजी बस कंपनीची आहे का आणि कँटीनमध्ये जेवण किती रुपयांना आहे, हे विचारावं. रोजचं एसटीचं भाडं आणि डबा यांची बेरीज केली तर एखादं हजाराने कमी पगाराचं बोलावणंही जास्त परवडतं.

याच काळात माझ्या मैत्रिणीला एका बड्या कंपनीच्या नावाने ‘ऑफर लेटर’ आलं. लोगो, शिक्का, सही सगळं व्यवस्थित. मेडिकल आणि युनिफॉर्मसाठी पैसे आधी ऑनलाइन भरा, रुजू झाल्यावर परत. मेल मात्र साध्या जीमेलवरून आलेला. इंटरव्ह्यूच झाला नव्हता तर निवड कशी, हे तिच्या आईने विचारलं आणि पैसे वाचले. रासायनिक कारखान्यात रुजू होण्याआधी मेडिकल असते हे खरं आहे. माझीही झाली: रक्त, छातीचा एक्स-रे, फुफ्फुसांची चाचणी आणि रंगांधळेपणाची, कारण टायट्रेशनचा शेवट रंगावरच कळतो. पण त्याचा खर्च कंपनीने केला. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर भरू नयेत, आणि भरले गेलेच असतील तर लाजत बसू नये, लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर फोन जातो तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

रुजू होताना सगळी गुणपत्रकं, दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि फोटो लागले. सहाव्या सेमिस्टरचं मूळ गुणपत्रक हातात आलं नव्हतं, ऑनलाइन निकालाची प्रत आणि कॉलेजचं पत्र चाललं. आधारवरचं नाव आणि गुणपत्रकावरचं नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो परीक्षेच्या आधीच दुरुस्त करून घ्या. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा क्रमांक, काढताना तिथेच अडतं, आणि आमच्याबरोबर लागलेल्या एकाचे त्यापायी कित्येक हेलपाटे झाले.

आता आत बसून बघताना आणखी एक कळलं, आणि ते टीवायच्या मुलांनी आत्ताच लक्षात ठेवावं. लॅबमध्ये जागा वर्षभर सारख्या निघत नाहीत. एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं येतात, मनासारखी वाढ न मिळालेले मे-जूनमध्ये राजीनामे देतात. दिवाळीचा बोनस हातात पडला की नोव्हेंबरात दुसरी फेरी. राजीनाम्यानंतर महिनाभराचा नोटीस पिरियड असतो आणि जागा भरायची धावपळ त्याच महिन्यात होते. म्हणजे निकाल लागून, पेढे वाटून, जुलै-ऑगस्टमध्ये अर्ज करायला निघालं, तर पहिली फेरी होऊन गेलेली असते. शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात बायोडेटा तयार असू द्या, त्यावर ‘निकाल प्रतीक्षेत’ लिहिलेलं चालतं, आणि सकाळी कंपनीच्या बसेस जिथे थांबतात तिथे ओळखीच्या कुणाला तरी विचारून ठेवा, की नोटीसवर कोण आहे.